वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

देवाच्या कृपेने आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा मंगल दिवस आपण सर्वजण पाहत आहो. या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणग्रंथात देवळाच्या बांधणीचा वृत्तांत, होऊन गेलेल्या फादरांची नामावली व उदार देणगीदारांचे आभार ही सर्व यथास्थित येतीलच. त्यांबरोबर वसईच्या मातीत जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्रही यावे असे आम्हांस वाटले. त्यांचे नाव आपल्या मुलाबाळांच्या तोंडी असते. परंतु त्यांचा जीवनक्रम पुसला असता, जपानात त्यांस क्रुसावर मारले, याहून अधिक सांगणारे फार थोडे भेटतात. क्रुसावरील मरण एका सकाळचे. त्यापूर्वी चाळीस वर्षांचे आयुष्य होऊन गेले होते, आणि आम्हांस मुख्यतः त्या चाळीस वर्षांविषयीच लिहावयाचे आहे.

त्या काळची वसई आजच्या वाचकास ओळखू येणार नाही. १५३४ च्या डिसेंबर महिन्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मोगलांच्या भयाने वसई व तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि थोडक्याच वर्षांत खाडीच्या मुखाशी एक नामांकित शहर उभे राहिले. येथल्या रानचे लाकूड गलबतांस लागे, येथला दगड देवळांच्या बांधणीसाठी दूरवर जाई. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीस लागून गेले होते. फ्रान्सिस्कन व येशूसंघीय या दोन्ही संघांच्या फादरांनी येथे आपले कार्य मांडले होते. अशा या शहरी १५५६ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. कोणी १५५७ हे साल देतात. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीची कन्या.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. संतांचे गोत्र काढून वाद घालण्याची हौस काहींस असते. कोणी पित्याकडे बोट दाखवून त्यांस परके म्हणतात, कोणी मातेकडे बोट दाखवून ते सर्वस्वी आपलेच असे ठासून सांगतात. आमच्या मते असा वाद करणारांनी त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिलेले नाही. दोन घराण्यांच्या व दोन भाषांच्या उंबरठ्यावर ज्यांचा जन्म झाला, त्यांच्या हातून पुढे जे कार्य घडले तेही उंबरठ्यावरचेच होते. एका माणसाचे म्हणणे दुसऱ्या माणसास कळविणे, हाच त्यांचा जन्माचा उद्योग झाला.

कोटातील येशूसंघीयांच्या विद्यालयात फादर सेबास्त्याव गोन्साल्व्हिस यांच्या नजरेखाली त्यांचे शिक्षण झाले. आठ वर्षे त्यांनी त्या छत्राखाली काढली. लिहिणे, वाचणे, प्रार्थना, धर्मशिक्षण आणि वेदीची सेवा, असा तो क्रम होता. पुढे फादरांस जपानच्या कामगिरीवर जाणे प्राप्त झाले, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा त्यांजबरोबर निघाला. ही गोष्ट १५७२ च्या सुमाराची. आज आपल्या गावची पोरे नोकरीसाठी आखाती देशांत जातात तेव्हा आईबाप विमानतळावर डोळे पुसतात, आणि त्याच रात्री त्यांचा दूरध्वनी येतो. त्या काळी पूर्वेकडे जाणाऱ्या गलबतात पाय ठेवणारा मुलगा परत दिसेल अशी आशा कोणी फारशी धरीत नसे. गोन्सालो यांस वसईचे दर्शन पुन्हा घडल्याचा उल्लेख चरित्रकारांत आढळत नाही.

प्रवासातच त्यांनी जपानी भाषा शिकण्यास आरंभ केला असे सांगतात. येथे त्यांच्या अंगचा गुण प्रथम दिसून आला. संत झेवियर १५४९ साली जपानात उतरले, तेव्हापासून तेथील फादरांची मुख्य अडचण भाषेची होती. युरोपात मोठमोठे ग्रंथ पढून आलेले विद्वान तेथे मुक्यासारखे होऊन बसत. ती भाषा ऐकण्यास एक, लिहिण्यास दुसरी; आणि थोरांशी बोलावयाची रीत व धाकट्यांशी बोलावयाची रीत यांत इतके अंतर की, एका क्रियापदाची चूक झाली तरी ऐकणाऱ्याचा अपमान व्हावा. म्हणून प्रवचनाचे व धर्मशिक्षणाचे पुष्कळसे काम गुरुदीक्षा न घेतलेल्या सहाय्यकांवर येऊन पडे. गोन्सालो त्या सहाय्यकांत सामील झाले, आणि सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. लहान मुलांस प्रार्थना शिकविणे, स्नानसंस्कारासाठी येणाऱ्यांची तयारी करून घेणे, फादरांचे बोलणे लोकांस व लोकांचे बोलणे फादरांस समजावून देणे, असे ते काम. जपानी लोक त्यांस मानू लागले. त्यांची भाषा अस्खलित होती याविषयी सर्वांचे एकमत आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची ती पुष्कळ चरित्रकार एका ओळीत उरकतात. आम्ही तेथे थोडे थांबणार आहोत. ज्या संघाने त्यांस बाळपणापासून वाढविले, ज्याच्यासाठी त्यांनी घरदार व मायभूमी सोडली, त्या येशूसंघात आपणांस घ्यावे अशी त्यांची उत्कट इच्छा होती. त्यांनी तशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. वाट पाहिली, पुन्हा विनंती केली. तरीही द्वार उघडले नाही. ज्यांनी कधी मनापासून एखाद्या घरची सेवा केली व त्या घराने आपले म्हटले नाही, त्यांस या दुःखाची कल्पना येईल. आपल्या धर्मग्रामातही असे प्रसंग घडत नाहीत असे नाही. कमिटीत नाव आले नाही म्हणून देवळाची पायरी सोडणारे आपण पाहिले आहेत, आणि आम्ही स्वतः एके काळी अशाच एका क्षुल्लक कारणावरून गायनमंडळात जाणे कित्येक महिने बंद केले होते, हे लिहिताना आज लाज वाटते.

गोन्सालो यांनी संघाचे काम सोडले, हे खरे. ते पूर्वेकडील बंदरांत व्यापार करू लागले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, वचनाचा सच्चेपणा होता. व्यापार चांगलाच भरभराटीस आला. परंतु मनाचे दुखणे पैशाने बरे झाले नाही. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी येत जात. तेथे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ होते: जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा, कमरेस दोर, आणि पोट भिक्षेवर. त्यांच्या सहवासात गोन्सालो यांनी आपला चालता धंदा सोडून दिला व त्या संघात प्रवेश घेतला. तेही ब्रदर म्हणून. वाचकांपैकी तरुणांसाठी सांगतो की, ब्रदर हा व्रतस्थ असतो, पण त्यास गुरुदीक्षा नसते. तो मिस्सा अर्पण करीत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. दार उघडणे, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, बाजारहाट, ही त्याची कामे. काल ज्याच्या मालाची बंदरोबंदर विक्री होत होती तो माणूस आज झोळी घेऊन दारोदार जाऊ लागला.

देवाची योजना अशी की, जी भाषा गोन्सालो जपानात शिकून आले होते तिचीच आता गरज पडली. त्या वेळी जपानचा सर्व कारभार हिदेयोशी नावाच्या प्रतापी पुरुषाच्या हाती होता. सामान्य कुळात जन्मून तो आपल्या पराक्रमाने साऱ्या देशाचा धनी झाला होता. १५८७ साली त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडून जावे असा हुकूम काढला होता, पण तो कडकपणे अमलात आणला नव्हता. पुढे त्याने कोरियावर स्वारी केली व फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे आपले स्वामित्व कबूल करण्याविषयी मागणी पाठविली. तिचे उत्तर घेऊन १५९२ साली डोमिनिकन संघाचे फादर हुआन कोबो जपानात गेले, पण परत येताना फोर्मोसा बेटाजवळ त्यांचा अंत झाला. मग गव्हर्नर गोमेझ पेरेझ दास्मारिन्यास यांनी १५९३ साली दुसरे वकील निवडले. ते फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता. त्यांजबरोबर त्याच संघाचे तिघे होते, आणि त्या तिघांत दुभाष्या म्हणून आपले ब्रदर गोन्सालो होते.

कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटावर नागोया येथे मोठा तळ दिला होता. तेथे या अनवाणी संन्याशांची व त्याची भेट झाली. वाचकांनी तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एकीकडे लक्षावधी सैन्याचा अधिपती, तत्काळ संतापणारा. दुसरीकडे ठिगळे लावलेल्या अंगरख्यातले चार भिक्षुक. हिदेयोशीने स्वामित्वाची मागणी पुन्हा केली आणि ती न मानल्यास काय होईल तेही सुनावले. फादर बाउतिस्ता यांस जपानी येत नव्हते. त्यांचे उत्तर ब्रदर गोन्सालो यांच्या तोंडूनच जावयाचे होते. उत्तर असे होते की, आम्ही मैत्री करावयास आलो आहोत. परंतु आमची निष्ठा देवास व आमच्या राजास वाहिलेली आहे, ती दुसऱ्यास देता येत नाही. हे शब्द सौम्य करून, वाकवून, राजाच्या कानास गोड लागतील असे सांगणे दुभाष्यास सहज शक्य होते. दरबारात असे करणारे दुभाषे पुष्कळ असत. किंबहुना त्या काळच्या पुष्कळ तहांचा घोळ दुभाष्यांच्या या गोड बोलण्यानेच झालेला आहे. इतिहासकारांचे म्हणणे असे की, गोन्सालो यांनी नम्रपणा ठेवून अर्थ जसाच्या तसा पोचविला. हिदेयोशी संतापला नाही, उलट त्याने या मंडळींस आपल्या देशात राहण्याची परवानगी दिली.

क्योटो या राजधानीत त्यांस जागा मिळाली. १५९४ साली तेथे देवळाची व मठाची उभारणी झाली. त्याशेजारी संत आन्ना व संत जोसेफ यांच्या नावांची दोन इस्पितळे निघाली. ही गरिबांसाठी होती, आणि विशेषेकरून महारोग्यांसाठी. वाचकहो, आम्हांस विचाराल तर गोन्सालो यांच्या चरित्राचा गाभा क्रुसापेक्षाही येथे आहे. जपानात त्या काळी महारोग्यास गाव टाकी, घर टाकी. आपल्याकडेही काय निराळे होते? रस्त्याच्या कडेस पडलेल्या अशा माणसांस हे व्रतस्थ व त्यांचे जपानी सोबती उचलून आणीत, जखमा धूत, जेवू घालीत. पौलो सुझुकी नावाचा जपानी ख्रिस्ती इस्पितळाची व्यवस्था पाही. लिओ कारासुमारू हा धर्मशिक्षणाचे व सेवेचे काम करी. फ्रान्सिस्को नावाचा वैद्य औषधोपचार करी. या सर्वांच्या व परदेशी फादरांच्या मधोमध ब्रदर गोन्सालो. रोग्याचे दुखणे कोणते, त्याची अखेरची इच्छा काय, हे एकाकडून ऐकून दुसऱ्यास सांगावे लागते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे कोणी चांगला शब्द बोलले नाही, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस तेथे होता.

सत्य लिहावयाचे तर हेही लिहिले पाहिजे की, त्या देशात ख्रिस्ताचे सेवक एकमताने नांदत होते असे नव्हते. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे कार्य येशूसंघाकडेच राहावे असे ठरविले होते. हिदेयोशीचा हुकूम डोक्यावर असताना गुपचूप व बेताने चालावे, असे येशूसंघीयांचे मत. मनिलाहून आलेले फ्रान्सिस्कन मात्र आपल्या वेषात उघडपणे मिस्सा करीत व उपदेश देत. दोन्ही बाजूंस पवित्र माणसे होती आणि दोन्ही बाजूंनी कडू पत्रे लिहिली गेली. सावध राहण्याचा सल्ला शहाणपणाचा होता असे पुढील प्रसंगावरून कोणी म्हणेल. पण महारोग्यांची सेवा झाकून कशी करावयाची, याचे उत्तर त्यांसही देता आले नसते.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत, मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता, वादळाने जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यातील अपार माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. मग वाद वाढला. गलबताच्या एका अधिकाऱ्याने फुशारकी मारली की, स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवितो व मागाहून सैन्य, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. तिची सत्यता त्या वेळेपासून विवादास्पद आहे. एवढे खरे की हिदेयोशीचा राग भडकला, आणि डिसेंबरात क्योटो व ओसाका येथील फ्रान्सिस्कन मठांवर पहारे बसले.

चोवीस जणांस मरणाची शिक्षा झाली. सहा फ्रान्सिस्कन, त्यांत मेक्सिकोचे तरुण फेलिपे हेही होते, जे त्याच दुर्दैवी गलबतातून आले होते. तीन जपानी येशूसंघीय, त्यांत नामांकित उपदेशक पौल मिकी. आणि बाकीचे प्रापंचिक जपानी ख्रिस्ती. इस्पितळाचा सुझुकी, कारासुमारू, वैद्य फ्रान्सिस्को, हे सर्व त्यांत होते. बारा वर्षांचा लुदोविको इबाराकी व तेरा वर्षांचा अंतोनियो ही मुलेही होती. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोच्या रस्त्यात प्रत्येकाचा डावा कान कापण्यात आला. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अधिकाऱ्याने दयेने तो कमी केला. मग गाड्यांत बसवून शहराशहरांतून मिरवणूक, आणि तेथून नागासाकीपर्यंत सुमारे एक महिन्याचा प्रवास, ऐन हिवाळ्यात, बर्फातून. वाटेत दोघे ख्रिस्ती त्यांस सोबत व मदत करण्यास आले. त्यांसही कैद्यांत घातले, आणि चोविसांचे सव्वीस झाले.

या दीर्घ वाटेवर पुन्हा दुभाष्याची गरज होती. पहारेकरी जपानी, सोबती जपानी, फादर स्पॅनिश. ही भाषणे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि आम्हीही कल्पनेने रचणार नाही. परंतु वाटसरूंपुढे व कैद्यांपुढे जे जे बोलले गेले असेल त्यात गोन्सालो यांच्या जिव्हेचा वाटा मोठा असणार, हे उघड आहे.

५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीपाशी पोचले. येथे एक असा प्रसंग घडला की, तो वाचताना आमचे डोळे प्रत्येक वेळी ओलावतात. येशूसंघाच्या तिघांपैकी जुआन दे गोतो व दिएगो किसाई या दोघांचा संघातील प्रवेश अद्याप पुरा झालेला नव्हता. मरणापूर्वी, त्याच सकाळी, येशूसंघाचे फादर पासियो यांजपुढे त्या दोघांनी शपथव्रते घेतली व ते संघाचे पूर्ण सभासद झाले. ज्या दारावर गोन्सालो यांनी तारुण्यात इतकी वर्षे थाप दिली, ते दार त्या दोघांसाठी आयुष्याच्या शेवटच्या घटकेस उघडले. गोन्सालो त्याच मंडळीत होते, आपल्या दोराच्या कमरपट्ट्यासह. काही पावलांनंतर त्या सर्वांसाठी सारखेच क्रूस मांडलेले होते.

परंपरा सांगते की, टेकडीवर येताच आपला क्रूस कोणता हे विचारून गोन्सालो यांनी गुडघे टेकले व त्यास मिठी मारली. खिळे नव्हते, लोखंडी कड्यांनी व दोरांनी बांधून क्रूस उभे केले गेले. पौल मिकी यांनी क्रुसावरून जमलेल्या लोकांस उपदेश केला. मुले गात होती. मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले. फादर पासियो व फादर जुवाव रोद्रिगेझ यांस जवळ उभे राहण्याची मुभा होती. हे रोद्रिगेझ म्हणजे हिदेयोशीच्या दरबारातील येशूसंघाचे प्रसिद्ध दुभाषे. दोन्ही संघांचे दोन दुभाषे त्या टेकडीवर असे समोरासमोर आले, एक क्रुसाखाली व एक क्रुसावर.

यापुढील वृत्तांत थोडक्यात सांगतो. १४ सप्टेंबर १६२७ रोजी पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांस धन्यवादित केले. जपानात ख्रिस्ती धर्मास बंदी त्याआधीच आलेली होती. इकडे १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली, कोटातील शहर हळूहळू ओस पडले, देवळांची छपरे पडली. मात्र गावोगावी भाविकांनी आपली श्रद्धा राखली. ८ जून १८६२ रोजी, पेंतेकॉस्तच्या सणी, पोप नववे पायस यांनी रोम येथे सव्वीस जणांस संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत असा मान वसईस मिळाला, आणि २००८ साली केरळच्या संत आल्फोन्सा यांस संतपद मिळेपर्यंत तो मान एकट्या गोन्सालो यांचा होता. संतपदाच्या तीनच वर्षांनंतर, मार्च १८६५ मध्ये, नागासाकीत या रक्तसाक्ष्यांच्या नावे नुकत्याच बांधलेल्या औरा येथील देवळात काही जपानी शेतकरी स्त्रीपुरुष आले, आणि आपले अंतःकरण फादरांच्या अंतःकरणासारखेच आहे असे त्यांनी हळूच कळविले. अडीचशे वर्षे धर्मगुरूवाचून, पुस्तकावाचून, त्यांच्या वाडवडिलांनी प्रार्थना तोंडातोंडी पोचविल्या होत्या.

१९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. येथे संतांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास येथे त्यांच्या नावाचे देऊळ आहे, दरसाल फेब्रुवारीत त्यांचा सण होतो. कोटात येशूसंघीयांच्या देवळाची दर्शनी भिंत अजून उभी आहे. सणाच्या निमित्ताने तेथे जाल तेव्हा मुलांस घेऊन त्या भिंतीपासून दर्या दरवाजापर्यंत चालत जा. वाट फारशी लांब नाही, लहान मूलही न थकता चालते. दरवाजाबाहेर खाडी आहे, आणि कोळ्यांच्या होड्या तेथे आजही लागलेल्या असतात.